एकतिसाव्या पानावरचा बाण

सोळा-सतरा वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही — आणि माझं तोंड काही गप्प बसणाऱ्यातलं नाही, आमच्या डिपार्टमेंटमध्ये कुणालाही विचारा. नवऱ्याला सांगितलेली नाही. सख्ख्या बहिणीला नाही. बहिणीला मी माझं वजनसुद्धा खरं सांगते, पण हे नाही. आज तुमच्यापुढे बसले आहे तर आत्तापासूनच चिडचिड व्हायला लागली आहे. तुमच्यावर नाही हो, माझ्यावरच.

कुठून सुरू करू? पोरांपासून करते. मी इथं कोल्हापुरात एम.एस्सी.ला अल्जिब्रा शिकवते. पोरं मला टरकून असतात, आणि तेही एका वाक्यामुळे. वर्गात कुणी उभं राहून म्हणालं, ‘मॅडम, कळलं नाही,’ की माझं डोकं फिरतं. काय कळलं नाही? कुठली ओळ? खरंच कळलं नाही, की कळलं नाही असं नुसतं म्हणायचंय? — मी असं तोफेसारखं सुटते, आणि ते पोर खाली बसायची जागा शोधायला लागतं. गेल्या वर्षी एका मुलीला एवढं फैलावर घेतलं की ती रडली. चांगली हुशार मुलगी. शिक्षकानं खरं तर या वाक्याची वाट बघायची असते, हे मलाही कळतं. पण मला ते ऐकवत नाही. का ऐकवत नाही, तेच सांगायचंय — आणि बघा, अजून मी त्याच्या आसपाससुद्धा आलेली नाही.

बरं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. मी पीएच.डी. करत होते, प्रबंध लिहून झाला होता, टाइप होत होता. आमचे सर — त्यांचं नाव कशाला, आता ते नाहीत — माणूस सरळ, पण कानानं जरा मंद आणि सगळ्या गोष्टींची घाई. विषय होता मॉड्यूल्स आणि एक्झॅक्ट सीक्वेन्स. घाबरू नका. थोडक्यात सांगते, आणि तेवढं सांगितल्याशिवाय माझी लबाडी तुम्हाला कळायची नाही.

मॉड्यूल म्हणजे ज्यांची बेरीज करता येते अशा गोष्टींचा एक गठ्ठा. एखाद्या रिंगमधल्या — म्हणजे बेरीज-वजाबाकी-गुणाकार चालतो अशा संख्यांच्या जगातल्या — संख्यांनी त्यांना गुणताही येतं. असे गठ्ठे एका ओळीत मांडायचे आणि एकाकडून दुसऱ्याकडे बाण काढायचे. पहिल्या बाणानं जे जे पुढं पाठवलं, ते ते, आणि नेमकं तेवढंच, दुसऱ्या बाणानं शून्य केलं, की ती ओळ एक्झॅक्ट. एक जास्त नाही, एक कमी नाही. मला हे फार आवडायचं. आमच्या घरात कुठलीच गोष्ट कधी नेमकी नसायची, म्हणून असेल.

आता पुढचं. कधीकधी शेवटच्या गठ्ठ्याकडून मधल्याकडे उलटा बाण काढता येतो — बेरजेचे सगळे नियम पाळणारा, आणि असा की मागं आणलेलं पुन्हा पुढं पाठवलं तर जिथलं तिथं पोचावं. असा बाण मिळाला तर म्हणायचं, ओळ ‘स्प्लिट’ झाली. मधल्या गठ्ठ्याचे दोन भाग सुटे करता आले. हा बाण कधी मिळतो, कधी मिळत नाही. ज्या संख्यांत भागाकारही चालतो तिथं नेहमीच मिळतो, आणि आम्ही सगळे त्या भागाकाराच्या जगात शिकून मोठे झालेलो. हाताला तशी सवय. नुसत्या रिंगवर आलं की ती सवय घात करते. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात, एकतिसाव्या पानावर, मी कुठल्याही रिंगसाठी एक उलटा बाण काढला आणि पुढं लिहिलं, ‘हा बाण मिळतो हे उघडच आहे.’

डोंबल उघड! पण ते लिहिताना मी काही लपवत नव्हते, आईशप्पथ. ती नुसती चूक होती, सवयीची. चुकीची कबुली द्यायला मी बसलेली नाही. चुका काय, सगळेच करतात. सरांनीही ते पान वाचून खाली सही केली होती.

त्या काळी प्रबंध टाइप कसा व्हायचा, माहीत आहे? टाइपरायटरवर अक्षरं असतात, बाण नसतात. लक्ष्मीपुरीतला आमचा टायपिस्ट बाणांच्या आणि चिन्हांच्या जागा कोऱ्या सोडायचा. मग त्या काळ्या शाईनं हातानं भरायच्या. एकूण चार प्रती, चारही प्रतींत. आमच्याकडे रीत अशी होती की डिपार्टमेंटला नवीन आलेल्यानं जुन्याच्या प्रबंधात बाण भरायचे. मुलं त्याला हमाली म्हणायची. सर म्हणायचे, हमाली नव्हे, वाचन आहे. हातानं काढलेला बाण डोक्यात बसतो. माझ्या प्रबंधात बाण भरायला आला तो दस्तगीर.

दस्तगीर इचलकरंजीजवळच्या कबनूरचा. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे, आणि हाही शिफ्ट करत करतच एम.एस्सी. झालेला. एसटीनं यायचा. कपड्यांना मागाच्या तेलाचा वास, केसांत कापसाची तूस, पण हात म्हणाल तर — नुसती रेघ मारली तरी पट्टी लावून मारल्यासारखी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. मला ताई म्हणायचा, अहो-जाहो करायचा. मी आपली त्याला नावानंच हाक मारायचे. बोलणं अस्सल आमच्या भागातलं, हाय-न्हायचं. इंग्रजी बोलायची वेळ आली की मात्र घामानं शर्ट भिजायचा. सरांनी त्याला तात्पुरतं घेतलं होतं. शिष्यवृत्तीसाठी शिफारस करायची की नाही, हे त्याच्या पहिल्या सेमिनारवर ठरणार होतं. मिळाली तर माग सुटणार. नाही मिळाली तर माग आहेच, वडिलांशेजारचा.

सेमिनार दर गुरुवारी दुपारी. त्याचा एक नियम होता, सरांनीच घातलेला. व्याख्यान संपलं की सर ऐकणाऱ्यांपैकी एकाला फळ्याकडे पाठवायचे, आणि त्यानं ऐकलेलं आपल्या शब्दांत पुन्हा सांगायचं. सांगता आलं, तर व्याख्यान झालं. नाही आलं, तर झालंच नाही. ‘ऐकणाऱ्याला सांगता येत नसेल तर बोलणाऱ्याला कळलेलं नाही,’ असं सर म्हणायचे. आता तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी माणसं काय करतील? न कळलेलं कळल्यासारखं दाखवतील. सगळे तेच करायचे, माना डोलवायचे, उठवलं तर काहीबाही रेटून न्यायचे. मी एकटी तसं करत नव्हते. मला कळलं नाही तर मी तोंडावर सांगायचे, ‘सर, नाही कळलं.’ माझी ख्यातीच होती ती. सुमनला कळलं म्हणजे कळलं, आणि सुमनला कळलं नाही म्हणजे त्यात काही नाही. ही ख्याती लक्षात ठेवा. त्या ख्यातीचंच मी पुढं काय केलं, ते येतंच आहे.

त्याच्या सेमिनारच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, दस्तगीर आला. चारही प्रती घेऊन, वर्तमानपत्रात व्यवस्थित गुंडाळलेल्या. आम्ही कँटीनमध्ये बसलो. बाण असे सुंदर काढले होते की मला माझाच प्रबंध ओळखू येईना. आणि मग त्यानं एकतिसावं पान काढलं. चारही प्रतींत ती एक जागा कोरी.

म्हणाला, “ताई, हितं हातच वळंना माझा. धा-बारा दिस शोधतोय, पर ह्यो बाण गावंना झालाय. मला वाटतंय, बाण न्हाईच तिथं.”

त्याच्याजवळ बाण मिळत नाही हे दाखवणारं तीन पानी उदाहरण होतं, दोन चलांच्या बहुपदींच्या रिंगवरचं. लांबलचक, गुंतागुंतीचं, पण पक्कं. मी वाचत गेले. आणि — हे तुम्हाला खरं वाटणार नाही — वाचता वाचता मला आनंद झाला! गणितवाल्यांचं हे असंच असतं. घर जळत असलं तरी आधी ज्वाळा किती उंच हे मोजतील. मी त्याची पेन्सिल घेतली, म्हटलं, अरे, एवढं कशाला पाहिजे? साधे पूर्णांक घे. पहिला बाण प्रत्येक संख्येची दुप्पट करतो. दुसरा बाण फक्त सम की विषम एवढं बघतो. समला शून्य म्हणतो. ओळ एक्झॅक्ट आहे. आता उलटा बाण काढायचा तर असा एक पूर्णांक पाहिजे, जो शून्य नाही, पण त्याच्यातच तो मिळवला की शून्य होतो. दाखव असा एक. दाखव ना!

नाही दाखवता येत. असा पूर्णांक नाहीच. चौथीतल्या पोराला कळेल. दस्तगीर एवढा हसला की चहा सांडला. मीही हसले. आणि हसता हसता माझ्या ध्यानात आलं, की मी आत्ताच माझ्या हातानं माझा प्रबंध पाडला आहे.

पुढचं सगळं त्या एका बाणावर उभं होतं. तिसरं प्रकरण, चौथं, मुख्य प्रमेय, सगळं. एखादी अट घालून सुधारता आलं असतं का? आलं असतं. पण ती अट घातली की उरतं ते पुस्तकातल्या स्वाध्यायाएवढं. त्यावर कुणी पीएच.डी. देत नाही. माझा चेहरा उतरला असणार, कारण दस्तगीर जरा वेळानं हळूच म्हणाला, “ताई, असं करू. उद्या मी माझं लांबडं सांगतो. सर तुम्हालाच उठवणार, तुमचंच प्रकरण हाय. तवा तुम्ही ह्ये दोन वळींचं सांगा. चूक तुमची, तर दुरुस्ती बी तुमचीच हुंदे की. कोण नावं ठेवतंय?”

कळतंय का तुम्हाला, त्यानं काय केलं होतं ते? सोपं उदाहरण त्यानं स्वतःसाठी ठेवलं नाही. ते सांगितलं असतं तर दोन मिनिटांत सर खुर्चीतून उठले असते आणि शिफारस तिथल्या तिथं झाली असती. ते त्यानं माझ्यासाठी ठेवलं, माझी लाज राहावी म्हणून. मी म्हटलं, बरं. चालेल. मीच सांगते. पक्कं सांगितलं मी त्याला.

त्या संध्याकाळी घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, पुन्हा त्याच विषयावर आले — मेपर्यंत प्रबंध दिलास तर ठीक, नाहीतर सांगलीच्या लोकांना हो कळवणार. ते खरंच तसं करणारे होते. पण बघा, हे मी इथं का सांगितलं? तुम्हाला माझी दया यावी म्हणून. लगेच अण्णा पुढं केले. कपाळ माझं! सांगलीचं स्थळ काही वाघाच्या तोंडात नव्हतं. माणसं बरी होती. मी नाही म्हटलं असतं, भांडले असते, आणखी दोन वर्षं घासली असती. भांडण मला काही नवीन नव्हतं. अण्णांचं सोडून द्या.

गुरुवारी मी काही ठरवून गेले नव्हते, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत होते. ऐन वेळी पाय लटपटले, जीभ अडखळली, वगैरे. खोटं आहे. ज्या वहीच्या मागच्या पानावर मी ते दोन ओळींचं उदाहरण लिहिलं होतं, ती वही रोज माझ्या पिशवीत असायची. गुरुवारी सकाळी मी ती काढून फळीवर ठेवली आणि मग घरातून निघाले. म्हणजे ठरलेलं होतं.

दस्तगीरनं त्या दिवसासाठी शिफ्ट बदलून घेतली होती. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. इंग्रजीत बोलायला लागला आणि पहिल्या पाच मिनिटांतच गडबडला. बहुपदी वाढत गेल्या, फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. सर पुढं वाकून कानामागं हात धरून ऐकत होते. मागचे दोघं-तिघं नेहमीसारखे माना डोलवत होते. सरांना धागा लागत नाहीये, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण दस्तगीर शांत होता, कारण शेवटी मी होते ना! संपवलं, घाम पुसला, आणि माझ्याकडे बघून हसला.

सर म्हणाले, “सुमन, तुझ्याच प्रकरणाबद्दल बोलतोय हा. ये, सांग बघू तू.”

दस्तगीरनं खडू पुढं केला. मी उठून उभी राहिले. खडू घेतला नाही. म्हटलं, “सर, मला कळलं नाही.”

बस. एवढंच. तीन शब्द, माझे नेहमीचेच. तोवर हे शब्द मी ते खरे असतानाच वापरले होते, म्हणून त्या दिवशी ते खोटे कुणाला वाटले नाहीत. जगातली सगळी लबाड माणसं न कळलेलं कळल्याचं सांगतात. मी कळलेलं कळलं नाही म्हणाले, आणि ते कसं पकडणार? कोण पकडणार? सरांनी दोन क्षण माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. “सुमनला कळत नाही म्हणजे अजून काही झालेलं नाही याच्यात,” असं म्हणून ते उठले. त्यांना मीटिंगला जायचं होतं.

मला दस्तगीरच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं, तरी बघितलं. राग नव्हता. मला राग पाहिजे होता. तो गोंधळला होता, हिशोब कुठं चुकला ते मनात तपासत असावा तसा. त्यानं ते दोन ओळींचं उदाहरण तिथंच सांगायला पाहिजे होतं. एक मिनिट लागलं असतं. मी आतून ओरडत होते — सांग की रे मूर्खा, सांग! — आणि बाहेरून पिशवी आवरत होते. फळा पुसून टाकला त्यानं, स्वच्छ, वरपासून खालपर्यंत.

सरांनी शिफारस केली नाही. ‘घाई करतो, दुसऱ्याचं काम नीट समजून न घेता दोष काढतो,’ असं काहीतरी लिहिलं. मी ते वाचलं, टेबलावरच होतं. पुढच्या गुरुवारी पुन्हा व्याख्यान द्यायची मुभा होती, पण पुन्हा शिफ्ट कोण बदलून देणार? तो आला नाही. नंतरही आला नाही. चौकशी मी केली नाही, कुणीच केली नाही. गावाकडची मुलं अशी अधूनमधून गळायचीच.

एकतिसाव्या पानावरचा बाण मी काढला. चारही प्रतींत, माझ्या हातानं. मे महिन्यात प्रबंध गेला. परीक्षक बाहेरगावचे होते, त्यांनी टायपिंगच्या सहा चुका काढल्या. त्या बरोबर होत्या. मला पदवी मिळाली, वर्षभरात नोकरी मिळाली, लग्नही माझ्या पसंतीनं झालं. माझा प्रबंध आजवर फार तर चार जणांनी वाचला असेल, आणि त्यातल्या एकालाच तो नीट कळला. कळंब्याला घर बांधलं तेव्हा लोक म्हणायचे, बाई, तुरुंगाच्या शेजारी कशाला? मी हसण्यावारी न्यायचे. अजून नेते.

थांबा, इथं संपलं असतं तर बरं होतं. पण मुख्य पुढंच आहे. इतका वेळ जे सांगितलं, ते भित्रेपणाचं. वय कमी होतं, असं म्हणून कुणी सोडूनही देईल. आता जे सांगणार आहे, तेव्हा वय चांगलं चाळिशीला टेकलं होतं, नोकरी कायम होती, अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती. मला कुणाची भीती नव्हती.

तीन वर्षांपूर्वी इचलकरंजीला परीक्षेच्या कामासाठी गेले होते. काम संपवून स्टँडकडे चालले होते, तर मागून हाक आली, “ताई! ओ ताई!” मी ओळखलं. आवाजावरून नाही, ती ‘ताई’ म्हणायची ढब. दस्तगीर. केस पांढरे व्हायला लागलेले, हातात पाना. तो त्या गल्लीतल्या कारखान्यात जॉबर झाला होता — माग बिघडला की दुरुस्त करणारा. मला सोडेचना. “चहा घेतल्याबिगर जायाचं न्हाई,” म्हणून कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसवलं. आत सोळा-वीस माग एकदम खडखडत होते. शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं.

मी वाट बघत होते, हा आता बोलेल. माझी तयारी होती. शिव्या घालेल तर घालू दे, मी ऐकून घेईन, असं मी मनाशी म्हणत होते. त्यानं बायकोचं सांगितलं, मुलींचं सांगितलं, वडील गेल्याचं सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढून, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, एक इचारू? लई वर्सं झाली, डोक्यात हाय. तुमच्या त्या दुसऱ्या प्रकरणात कुठली अट हुती, जी माझी वाचायची ऱ्हायली?”

मला आधी कळलंच नाही. आणि या वेळी खरंच कळलं नाही.

तो ओरडून सांगत होता — त्या दिवशी तुम्ही लाज राखलीसा माझी. उदाहरण बरोबर हाय, ते मला कळतंय. पर तुमच्या प्रमेयात ते बसत न्हाई, अशी कायतरी अट असणार, ती रातीत तुमच्या ध्यानात आली असणार. सगळ्यांम्होरं ‘ह्याचं चुकलंय’ असं म्हणाला न्हाईसा, ‘मला कळलं न्हाई’ म्हणालासा. कोण करतंय एवढं? “मी अजून शोधतोय, ताई. ऐतवारी वही घेऊन बसतोय. पर ती अट काय गावंना.”

ऐकलंत? इतकी वर्षं तो माणूस माझी चूक स्वतःत शोधत बसला होता. सुमनला कळलं नाही म्हणजे त्यात काही नाही — सरांनी जे मानलं, तेच त्यानंही मानलं. मी खोटं बोलले असेन, हा एक पर्याय सोडून त्यानं बाकीचे सगळे पर्याय तपासले होते. गणितात तो माझ्यापेक्षा कितीतरी वरचा होता, हे मला माहीत होतं. त्याची ती बुद्धी रविवारामागून रविवार मी कुठं घालवली, तर जे नाहीच ते शोधण्यात.

उत्तर दोन शब्दांचं होतं. ‘अट नव्हती.’ म्हणायला काय लागलं असतं? तो माझ्या तोंडाकडे बघत होता, कान पुढं करून. चहा गार होत होता.

मी ओरडले, “जुनं झालं रे ते! आता कुठं आठवतंय मला!”

ओरडून खोटं बोलले. पहिल्या वेळी निदान हळू बोलले होते. या वेळी सगळ्या मागांच्या वर माझा आवाज गेला. आतल्या एकानं वळून बघितलं. दस्तगीर हसला, म्हणाला, “व्हय, तुम्हाला तरी किती ध्यानात ऱ्हाणार? रोजचं नवं शिकवायचं.” आणि मला एसटीत बसवून, खिडकीतून जागा धरून देऊन मगच गेला.

आठवत नाही! दरवर्षी तेच उदाहरण मी फळ्यावर लिहिते. दुप्पट करणारा बाण, सम-विषमचा बाण, आणि उलटा बाण नाही. पोरं म्हणतात, मॅडम, किती सोपं आहे! आणि मी खडू आपटते. मला स्वतःचा इतका संताप येतो की फळ्यावरचे बाण मला वाकडे दिसायला लागतात. तास संपला की मी इचलकरंजीच्या गाडीचा विचार करते. दर अर्ध्या तासाला सुटते ती. तीन वर्षांत मी एकदाही बसलेली नाही. पत्र? ते तर घरबसल्या टाकता येतं. तेही नाही.

प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयात आहे, तळमजल्यावर, खालच्या फळीवर. गेल्या महिन्यात मी ती काढून बघितली. शाई अजून काळीभोर आहे. एकशे बारा पानं, आणि प्रत्येक पानावर दस्तगीरचे बाण, सरळ, एकसारखे. एकतिसाव्या पानावर एकच बाण जाड आहे, टोकाशी फाटलेला. जवळून बघितलं नाही तरी कळतं की हात दुसरा आहे.

तो माझा. तिथं त्यानं कोरी जागा सोडली होती, आणि ती कोरी जागा बरोबर होती.